चंडोलाचा वेग

"अगं, माझं भिंग कुठे ठेवलंस?"

"कशाला हवंय? डोळे दुखतात ना तुमचे?" ती आतूनच म्हणाली आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

नवऱ्याच्या हातात पोरांच्या खेळातल्या पत्त्यांचा नमुना होता. उद्या छपाई. प्रत्येक पत्त्यावर एक प्राणी नाहीतर पक्षी, खाली लांबी, वजन, वेग, आयुष्य. ज्याचा आकडा मोठा, त्याने समोरच्याचा पत्ता घ्यायचा. आकडे तपासायचं काम हिचं. "नक्की ना?" विचारून सगळ्यांना भंडावून सोडते म्हणून कचेरीत हिचं नाव खात्रीबाई. हिने आकडा दिला की तो कोणी पुन्हा बघतसुद्धा नसे.

चंडोल तिनेच हट्टाने घालायला लावला होता. नवऱ्याने उभा जन्म माळरानावर चंडोल मोजण्यात घालवलेला. आता गुडघ्यांनी दगा दिला, जिना उतरणंही होत नव्हतं. आपला पक्षी पत्त्यात येणार म्हटल्यावर गडी इतका खूश, की खिडकीतून अख्ख्या गल्लीला सांगून झालं.

पण पोरांना खेळायला देऊन घेतलेल्या चाचणीत ज्याला चंडोल मिळे, ते तोंड पाडून बसे. रंग मातकट, आकडे सगळे लहान. साहेब म्हणाले, "बाई, हा प्रत्येक डावात मार खातोय. काढून टाकू." तिला नवऱ्याचा चेहरा आठवला. तिने गुपचूप वेगाचा आकडा वाढवला. पुढच्या चाचणीत पोरं चंडोलासाठी भांडली आणि पत्ता राहिला.

भिंग शेवटी त्याला तिच्या उशीखाली सापडलं. ती दारात येऊन उभी राहिली, आत गेली, परत आली.

"अगं, हा ससाण्याच्याही पुढे?" तो खो खो हसला. "असं असतं तर ससाणे उपाशी मेले असते! कोणत्या गाढवाने लिहिलं हे?"

"मी."

त्याचं हसू विरलं. "तू?"

"पत्ता राहावा म्हणून. खरा आकडा घातला तर काढून टाकतील हो."

त्याने पत्ता बाजूला सारला. मग म्हणाला, "हा माझा चंडोल नाही. कोणीतरी भलताच आहे. फोन लाव."

"अहो, पण तुम्ही सगळ्यांना सांगून बसलाय..."

"लाव म्हणतो ना!"

तिने लावला. खरं काय ते सांगितलं. साहेब चांगलेच उखडले. "बाई, तुम्हीसुद्धा? आता त्या जागी मी काय घालू?"

तिने फोनवर हात ठेवून नवऱ्याला विचारलं, "त्या जागी काय घालू म्हणतात."

"शहामृग घाल म्हणावं," तो म्हणाला. "वजन आहे, वेग आहे. पोरं खूश होतील."

फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. तेवढ्यात खालून शिंप्याची हाक आली, "काय काका, छापला का तुमचा पक्षी?"

तो भिंतीला धरत खिडकीशी गेला. "नाही हो! हरला बिचारा!"

"अरेरे!" शिंपी म्हणाला आणि दुकानात शिरला. गल्ली रिकामी झाली तरी तो खिडकीतून हलला नाही.