सर्वोत्तम मॅनेजर

मॅनेजर हा शब्द ऐकायला मोठा साजरा. कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा मॅनेजर म्हणजे बॉलमध्ये हवा भरणारा, बादलीतून पाणी पाजणारा आणि कोर्टावर सांडलेलं पुसणारा. वर्ध्याच्या कॉलेजात तीन वर्षं मी हेच केलं. उंचीने कमी पडलो, एवढाच माझा गुन्हा.

अठ्ठ्याण्णव साली जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्ही सगळ्या कॉलेजांच्या मॅनेजरांनी भांडून भांडून एक मॅच मिळवली. फायनलच्या आधी, फक्त मॅनेजरांची. टीममधला एकही खेळाडू चालणार नाही, असं ठरलं होतं. आई बांगड्यांचं दुकान बंद ठेवून देवळीहून एसटीने आली. माझ्या जर्सीच्या पाठीवर 'पियुष' हे नाव तिनेच शिवलं होतं. ती अगदी पुढच्या पायरीवर बसली.

मॅच नुकतीच सुरू झाली होती. पहिल्यांदा बॉल माझ्या हातात आला आणि तेवढ्यात आमच्या पुंडलिक सरांची शिट्टी वाजली. कप देणारे भैय्याजी शेठ वेळेआधीच येऊन टपकले होते.

"जर्सी काढ, प्रफुलले दे," सर म्हणाले. प्रफुल म्हणजे आमचा कॅप्टन.

"काऊन सर? मॅच आमची आहे."

"पाहुण्यासमोर तमाशा करतो का बे? त्याले काय समजते मॅनेजर कोण न् प्लेयर कोण! चाल, बादली धर."

समोरच्या संघातल्या लखनचीही जर्सी उतरली. बघता बघता सगळे मॅनेजर बाहेर आणि सगळे खेळाडू आत. आमच्या मॅचमध्येही आम्हीच पाणी पाजायचं! मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, मग त्या पाण्याचाही राग आला.

"काऊन उभा आहे रे तू?" आईने पायरीवरून विचारलं. "तुहीच मॅच होय ना आज?"

मी बनियानवर, खांद्यावर पोछा टाकून उभा होतो.

प्रफुल लांबून बास्केट टाकत होता. भैय्याजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा! मॅनेजर असे खेळतेत, त प्लेयर कसे खेळत असतीन!"

सर खी खी हसले. जनाची नाही तर मनाची तरी ठेवावी माणसाने.

मॅच संपली आणि भैय्याजींनी उत्साहात माईक हातात घेतला. जर्सीवरचं नाव वाचून त्यांनी जाहीर केलं, "सर्वोत्तम मॅनेजर, पियुष!" प्रफुल कॉलर ताठ करत पुढे गेला. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात आई उभी राहिली.

"तो माहा पोरगा नाई!" तिचा आवाज माईकशिवाय सगळ्या मैदानावर गेला. "माहा पोरगा तो पाहा, बादली घेऊन उभा! ते नाव म्या शिवलं आहे!"

टाळ्या थांबल्या. भैय्याजी एकदा प्रफुलकडे, एकदा माझ्याकडे बघू लागले. सर तरातरा माझ्याजवळ आले आणि दात आवळून म्हणाले, "तुह्या मायले खाली बसव. आत्ताच्या आत्ता."

मला बोलले असते तर तेही गिळलं असतं. तीन वर्षं गिळतच होतो.

मी कोर्टाच्या मधोमध गेलो आणि भरलेली बादली ओतली. माझ्यामागून लखन आला, त्यानेही त्याची बादली उपडी केली. पाणी सिमेंटवर चारी बाजूंनी पसरलं.

"फायनल कशी होईन आता?" सर किंचाळले. "पूस ते!"

मी खांद्यावरचा पोछा काढला आणि सरांच्या हातात दिला. मग प्रफुलसमोर जाऊन उभा राहिलो.

"काढ जर्सी," म्हटलं. "माही माय मॅच पाहाले आली आहे."