दोघांपुरता लोबान

किन्हीराजाच्या डोंगरात सालईचा डिंक काढायचं काम रामीबाई आणि तिचा धाकटा भाऊ खेमा करत. थंडी सरली की कुऱ्हाडीनं झाडाची साल तासायची, काही दिवसांनी जखमेवर साकळलेला पिवळा डिंक खरवडून टोपलीत भरायचा. वाशीमचा अत्तर-लोबानवाला जमशेद वर्षातून एकदाच, वैशाखात येई आणि लोबान म्हणून विकायला सगळा माल नेई. थोडा डिंक रामीबाई घरी ठेवी. सुजल्या गुडघ्यावर लेप, बाळंतिणीच्या खोलीत धुरी, अशाला तो लागायचा.

एकोणीसशे अठरा साली पावसानं पाठ फिरवली आणि जमशेद भादव्यात पुन्हा दारात उभा राहिला.

"अवंदा दुसऱ्यांदा कायले आले, जमशेदभाई?"

"वाशीमात तापाची साथ आली, लोकं घरोघरी धुरी देऊन राह्यले," तो म्हणाला. नेहमीसारखा घोटभर पाण्याला टेकलाही नाही.

वैशाखानंतर साठलेलं डिंकाचं पोतं जऊळक्याच्या गाडीअड्ड्यावर पोचवायला खेमा त्याच्यासोबत गेला. परत आला तो दाराशीच बसला. रामीबाईनं दोनदा विचारल्यावर म्हणाला, "गाडीतून एक माणूस उतरला, भिंतीले टेकून बसला. गाडी गेली तरी तो तसाच. कोनी जवळ जाईना."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खेमाला हुडहुडी भरली. त्याच दुपारी जमशेद आला. अंगणाबाहेरच्या बाभळीपाशी थांबून त्यानं हात वर केला.

"रामीबाई, पुढं येऊ नका. तिथूनच बोला."

त्याचे डोळे लाल होते. जऊळक्यापासून चालत आला होता, तरी बसायला तयार नव्हता.

"लोबान उरला काय? वाशीमात खडा राह्यला नाही. मय्यतीले आंघोळ घालताना जाळा लागते."

"कोन गेलं?"

"अजून कोनी नाही. हुस्नाबानो पडून आहे." तो बायकोबद्दल बोलत होता. "मंग आनाले कोन येईल? म्हनून आताच नेतो." खोकून त्यानं म्हटलं, "दोघांपुरता द्या."

रामीबाईकडं एकच पुरचुंडी होती आणि घरात खेमा कण्हत होता. ती आत गेली, पुरचुंडी सोडली, अर्धा डिंक फडक्यात बांधला आणि अंगणाच्या कडेच्या दगडावर ठेवून मागं सरली. जमशेदनं तो उचलून छातीशी धरला.

"पुरते एवढा," तो म्हणाला आणि उतारानं खाली गेला.

उरलेला डिंक तिनं चार दिवस खेमाच्या खाटेखाली जाळला. शेजारची प्रयागबाई विस्तव मागायला आली तेव्हा तिलाही चिमूटभर दिला. पाचव्या दिवशी डिंक संपला. डिंक काढायची ही वेळ नाही हे तिला ठाऊक होतं, तरी ती डोंगरात जाऊन सालईवर घाव घालत राहिली. घावातून थोडं पाणी पाझरलं, डिंक धरलाच नाही.

नवव्या दिवशी खेमानं कण्या मागितल्या. प्रयागबाईचे दोन्ही लेक मात्र गेले. दोन्ही घरांत धूर एकाच झाडाचा होता. रामीबाई नंतर तिच्या दारावरून जाताना मान खाली घालायची.

साथ ओसरल्यावर ती वाशीमला गेली. जमशेदचं दुकान बंद होतं. समोरच्या अमिरुन्निसानं तिला ओट्यावर बसवलं.

"पयले हुस्नाबानो गेली. तिसऱ्या दिवशी तो. मोहल्ल्यात मय्यतीवर पानी घालाले एकटे युनूसचाचा उरले होते. लोबान मी पेटवला, उशाशी बांधून ठेवला होता त्यानं."

थंडी सरली तशी रामीबाई आणि खेमा डोंगरावर गेले. खालच्या गावांतल्या लोकांनीही साथीत धुरीच्या डिंकासाठी कुऱ्हाडी चालवल्या होत्या. बुंध्याभोवती चहूकडून साल सोललेल्या सालई वाळून उभ्या होत्या. खेमानं कुऱ्हाड खाली ठेवली. मग दोघं जिवंत झाडं शोधत वर चढू लागले.