रिकाम्या डब्याची खिरापत

भाद्रपदातली पौर्णिमा आली की अकोल्याच्या जठारपेठेतल्या रागिणीताईंच्या ओसरीवर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव उभा राहणार, म्हणजे राहणारच. मांडवाखाली भुलोजी आणि भुलाबाई, शंकर-पार्वतीची जोडी. मूर्ती बाजारातून आणायच्या नाहीत, हा ताईंचा हट्ट. काळी माती मळून त्या स्वतः घडवायच्या. भुलोजीचं नाक दरवर्षी वाकडं व्हायचं आणि गल्लीतल्या पोरी दरवर्षी त्याला पोटभर हसायच्या. मग कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गाणी आणि गाण्यांनंतर खिरापत. ही खिरापत नुसती वाटून मोकळं होता येत नाही. ती बंद डब्यात येते. डबा हलवायचा, आतला आवाज ऐकायचा आणि काय आहे ते पोरींनी ओळखायचं. ओळखेपर्यंत किंवा ‘हरलो’ म्हणेपर्यंत कोणाच्या तोंडात कण पडत नाही.

ताईंचं माहेर धामणगाव रेल्वेचं. तिथे त्यांच्या आईच्या, तानुबाईंच्या, खिरापतीचा भारी दबदबा होता. फुटाणे खडखडतात, शेंगदाणे जरा दबकून वाजतात, लाडू गडगडत जाऊन डब्याला आदळतो, हे पोरींना पाठ असायचं. म्हणून तानुबाई आत जुन्या लुगड्याचं फडकं कोंबायच्या आणि पितळी डबा असा गच्च भरायच्या की आत हूं की चूं होत नसे. मधेच गाडी धडधडत गेली तर सगळ्या पोरी डबा धरून तशाच थांबायच्या. गाडी लांब गेली की पुन्हा सगळे कान डब्याला. तेव्हा अभ्यास, भांडणं, उद्याची शाळा, काही काही आठवायचं नाही. असं जीव लावून ऐकणं पुढे आयुष्यात राहूनच गेलं, असं ताईंना फार वाटायचं. भुलाबाई त्यांनी सोडली नाही, ती त्या ऐकण्यासाठीच.

पण यंदाची गोष्ट वेगळी होती. वर्षभरापासून त्यांना विसर पडू लागला होता. दूध उतू जायचं, बाजारातून पिशवी रिकामीच घरी यायची. आठवण राहावी म्हणून त्या पदराला गाठ मारायच्या आणि मग गाठ कशाची हेच आठवत बसायच्या. हे कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नव्हतं. दसऱ्याला मुलगा अंकुर पुण्याहून आला होता. त्याला कळलं तर तो आपल्याला उचलून पुण्याला, चौदाव्या मजल्यावर नेऊन ठेवणार, याची त्यांना खात्रीच होती. तिथे कसला मांडव आणि कसल्या पोरी! तेव्हा त्याच्यासमोर एकही चूक होऊ द्यायची नाही, असं त्यांनी मनाशी घट्ट ठरवलं होतं.

रोज एका घरची खिरापत; दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ताईंचीच पाळी होती. दुपारभर खपून त्यांनी सांजोऱ्या तळल्या. संध्याकाळी गाणी झाली. अंकुर मोबाइल धरून शूटिंग करत होता. ताईंनी आईचा तो जडशीळ पितळी डबा आणला आणि पोरींपुढे हलवला.

आवाज नाही. पुन्हा हलवला. काही नाही. ताईंचा चेहरा असा खुलला, जणू तानुबाईच शेजारी येऊन बसल्या होत्या. आईसारखी गच्च खिरापत आज पहिल्यांदा साधली होती!

“शिरा!” “बर्फी!” “केळं!” “आजी, दहीभात हाय का?”

“नाही. नाही. तेही नाही.” ताई अगदी रंगात आल्या होत्या. शेवटी पोरी थकल्या आणि एका सुरात ओरडल्या, “हरलो!”

ताईंनी झाकण उघडलं. आत जुन्या लुगड्याचं फडकं होतं. फक्त फडकं. सांजोऱ्या भरायच्याच राहिल्या होत्या.

 अंकुरकडे बघायची ताईंची छाती होईना. तेवढ्यात शेजारच्या माणिकबाई उठल्या. या बाई म्हणजे गल्लीतली फटकळ तोफ. खेळातसुद्धा कोणाची चूक पोटात घालणार नाहीत. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं, मग ताईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि टाळी वाजवली.

“हवा! डब्यात हवा हाय! कशा फसल्या सगळ्याजणी! आमच्या माहेरी एक दिवस असाच रिकामा डबा ठेवत. मी सांगितलेलं रागिणीनं बरोबर ध्यानात ठेवलं पाहा!”

पोरी खो-खो हसल्या. अंकुरही हसला. ताईंनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं. या बाईने आपल्यासाठी धडधडीत खोटं बोलावं! आता गप्प राहिलं की झालं, सुटलो, असं त्यांना वाटलं.

पण माणिकबाईंची नात पुढे आली. “आजी, उद्या आमची पाळी हाय. आमी बी रिकामाच डबा आनू?”

“आनतो! आमी बी!” पोरींचा एकच गलका झाला.

ताईंनी पोरींच्या तोंडांकडे पाहिलं. उद्या हिचा डबा रिकामा, परवा तिचा. मग ऐकायचं काय यांनी? आपली लाज झाकायला ही पोरींची मजा मोडायची?

“नाही गं माय,” त्या म्हणाल्या. “माणिकबाई माह्यासाठी खोटं बोलून राहिल्या. असा काही रिवाज नाही. मी भराले विसरली.” मग त्यांनी मान वर केली. “अंकुर, मी आजकाल विसरते. लई विसरते.”

अंकुरने मोबाइल खाली ठेवला. तो येऊन आईजवळ सतरंजीवर बसला.

“मला माहीत आहे, आई. तू एकाच संध्याकाळी दोनदा फोन करतेस आणि तेच विचारतेस. या वेळी मी तुला न्यायलाच आलोय. परवाचं तिकीट काढलंय.”

“परवाचं?” माणिकबाई कडाडल्या. “कोजागिरी झाल्याबिगर रागिणी हालत नाही. अर्धे गाणे अजून पोरींले आलेच नाहीत!”

अंकुर आईकडे बघत राहिला. “कोजागिरीनंतर येशील?”

ताईंनी डबा बाजूला ठेवला. मग मान हलवली. “येते. पन तोवर मले कोनी घाई करू नोका.”

“मीही थांबतो तोवर,” अंकुर म्हणाला. तो आत जाऊन सांजोऱ्यांचं ताट घेऊन आला आणि पोरी त्यावर तुटून पडल्या. खाणं संपताच नात म्हणाली, “आजी, अजून एक गानं.”

ताईंनी गाणं धरलं. दुसऱ्या कडव्यात ओळ गेली ती गेलीच. वर्षभर अशा वेळी त्यांना दरदरून घाम फुटायचा. आज त्या नुसत्या थांबल्या आणि पोरींकडे बघू लागल्या. पोरी थांबल्या नव्हत्या. त्यांनी ती ओळ म्हटली, पुढचीही म्हटली, एक शब्द इकडचा तिकडे न करता. ताई टाळीचा ठेका धरून गाणं संपेपर्यंत ऐकत राहिल्या.