फुलीची जागा

बाकड्याचा चौथा बोल्ट सुटला तरी अप्पा उठले नाहीत. त्यांच्या एका बाजूला निवृत्त पोस्टमन, दुसऱ्या बाजूला निवृत्त गणिताचे मास्तर. तिघेही फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे सरळ समोर बघत होते. मजुराने पाना खाली ठेवून कपाळ पुसलं.

"आजोबा, उठा ना. तुमच्यासकट कसं उचलू?"

"प्रयत्न करून बघ," अप्पा म्हणाले. "मास्तर हलके आहेत. त्या बाजूने सुरू कर."

तेवढ्यात अप्पांची मुलगी धापा टाकत आली. ती गुन्हे प्रतिबंध विभागात संशोधक होती. गुन्हा कुठे झाला हे कोणीही सांगतं. कुठे झाला नाही आणि का, हे शोधायला पगारी माणूस लागतो. तो माणूस म्हणजे ती. आसपासच्या साऱ्या गल्ल्यांत पर्सा ओढल्या जात होत्या आणि या एका गल्लीत नाही, हे तिने शोधलं होतं. कारणही शोधलं होतं: हे बाकडं. इथून शाळेचं फाटक, बसथांबा आणि मेडिकलचं दार, तिन्ही दिसायची, आणि बाकड्यावर सदा कोणी ना कोणी असायचंच. प्रत्येक गल्लीत असं एक बाकडं टाकावं, अशी तिची शिफारस होती. त्यासाठी तिने पाच वर्षं घालवली होती. नातेवाइकांना वाटायचं, ती पोलिसात आहे आणि बढती मिळत नाही.

"कोणी सांगितलं हे काढायला?" तिने विचारलं.

मजुराने खिशातून घडी घातलेला नकाशा काढला. "इथे फुली आहे, बाई. फुलीवर कॅमेऱ्याचा खांब."

फुली तिचीच होती, तिच्या अहवालाच्या नकाशातली. लाल पेन्सिलने, दोनदा गिरवलेली.

अप्पांनी नकाशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग ते उठले.

कार्यालयात तिच्या विभागाच्या उपसचिवांनी तिला बसायला सांगितलं आणि त्यांना खरोखरच वाईट वाटत असल्यासारखे हात जुळवून टेबलावर ठेवले.

"बाकड्याला आमच्याकडे लेखाशीर्ष नाही. कॅमेऱ्याला आहे. खर्च टाकायचा तर कुठे टाकायचा?"

"पण बाकड्याला खर्चच नव्हता."

"हीच तर अडचण. फुकटची योजना राबवायची कशी?" त्यांनी तिचा अहवाल उघडला. "तुम्हीच लिहिलंय, सगळं दिसणारी जागा हीच. आम्ही तुमचा शब्द न् शब्द पाळला."

"मी बाकडी वाढवा म्हटलं होतं."

"भावना पोचल्या," उपसचिव म्हणाले.

खांब उभा राहिला. कॅमेरा लागला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की, त्यातून बघायलाही कोणीतरी लागेल. ठेकेदाराला कमी पगारात येणारी आणि एका जागी बसण्याचा दांडगा अनुभव असलेली माणसं हवी होती. काही दिवसांनी अप्पा गळ्यात ओळखपत्र घालून घरी आले.

"अप्पा, हे काय?"

"नोकरी. तुझी आई असती तर बेशुद्ध पडली असती. तिला मी एवढा उद्योगी कधी दिसलोच नाही."

"आणि ते दोघं?"

"तेही. मास्तरांना उजवीकडची खुर्ची दिली. पहिल्यासारखीच."

"कसली नोकरी पण?"

"नगरपालिकेच्या तळघरात पडद्यासमोर बसायचं." अप्पांनी पट्टा गळ्यातून काढून खुंटीला अडकवला, नीट केला, पुन्हा नीट केला. "एसी आहे."

"पडद्यावर काय दिसतं?"

"आपली गल्ली."

ती हातातली वाटी पुसत राहिली. वाटी केव्हाच कोरडी झाली होती.

महिन्याभरातच बालवाडीच्या बाईंची पर्स ओढली गेली, भर दुपारी, मेडिकलच्या दारात. बाई पडल्या, मनगट मोडलं. त्या संध्याकाळी अप्पा जेवायला बसले आणि ताटाकडे नुसते बघत राहिले.

"तुम्ही बघत होतात?" तिने हळूच विचारलं.

"तिघेही. तो घुटमळत होता तेव्हाच मास्तर म्हणाले, याचं लक्षण काही ठीक दिसत नाही. पोस्टमन ओरडला, अरे ए."

"मग?"

"मग काय. काच ती. काच कुठे ऐकते." अप्पांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. "पर्यवेक्षकाला कळवायचं असतं. तो चहाला गेला होता. आधी नुसतं 'अरे ए' पुरायचं गं."

पुढच्या बैठकीत उपसचिवांनी ते चित्रण मोठ्या पडद्यावर लावलं. बाई पडल्या त्या क्षणाला थांबवलं.

"बघा. शर्टाची बटणं मोजता येतात. या गल्लीतून आजवर इतका स्पष्ट पुरावा मिळाला होता का?"

"आजवर इथे चोरीच झाली नव्हती," ती म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. पुरावाच नव्हता."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या थांबेपर्यंत ती थांबली.

"त्या बाईंचा हात मोडलाय."

"हो. तेही स्पष्ट दिसतंय." उपसचिवांनी शहराचा मोठा नकाशा तिच्यासमोर पसरला आणि वर लाल पेन्सिल ठेवली. "आता चाळीस गल्ल्या घ्यायच्या. चाळीस फुल्या काढून द्या. लोक कुठे बसतात ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही."

ते खरं होतं. पानवाल्याशेजारची पायरी, वाचनालयाचा कट्टा, इस्त्रीवाल्याचं उलटं खोकं, सगळं तिला पाठ होतं. ती आली की इस्त्रीवाला ते खोकं फडक्याने पुसून पुढे करायचा, तेही.

तिने पेन्सिल उचलली आणि पर्समध्ये टाकली. विभागात लाल पेन्सिल तेवढी एकच होती. दुसरी मागवायची तर मागणीपत्र, आणि मागणीपत्र मंजूर होईपर्यंत माणूस निवृत्त होतो. मग ती उठली आणि आपली खुर्चीही उचलली. उपसचिवांना वाटलं, ती नकाशाजवळ येऊन बसणार. त्यांनी सरकून जागा केली. ती दाराबाहेर गेली.

फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं. "मॅडम, खुर्ची?"

"हिला लेखाशीर्ष आहे," ती म्हणाली. त्याने सलाम केला.

बसमध्ये बसायला जागा नव्हती. तिने मधल्या वाटेत खुर्ची टेकवली आणि बसली. कंडक्टरने क्षणभर विचार केला आणि एकच तिकीट फाडलं.

गल्लीत खांबाच्या पायथ्याशी बाकड्याच्या बोल्टांचे खुंट अजून फरशीतून वर आलेले होते. ती त्यांच्या मधोमध खुर्ची ठेवून बसली. शाळा सुटायची वेळ होती. मेडिकलच्या दारात एक बाई सुटे पैसे मोजत होती आणि तिच्या मागे एक तरुण उगाच मोबाइल बघत उभा होता. मोबाइलचा पडदा काळा होता.

"काय रे?" ती म्हणाली. मोठ्याने नाही.

त्याने चमकून पाहिलं. "कुठे काय," म्हणाला आणि दोन्ही हात खिशात घालून कोपऱ्यावरून वळला. बाईने सुटे पैसे पर्समध्ये टाकले आणि ती आपल्या वाटेने गेली. कॅमेऱ्यात बघण्यासारखं काहीच घडलं नाही.

थोड्या वेळाने फोन वाजला.

"तू दिसतेस," अप्पा म्हणाले.

"दिसू दे."

"एकाच जागी विनाकारण बसलेल्या इसमाची खबर द्यायची, असा नियम आहे."

"मग द्या."

पलीकडे कुजबुज झाली. मास्तर काहीतरी समजावत होते, पोस्टमन त्यांना मध्येच तोडत होता.

"पर्यवेक्षक चहाला गेलाय," अप्पा म्हणाले. मग घसा खाकरला. "खुर्ची जरा डावीकडे घे. खांबाआड फाटक जातंय तुझं."

तिने घेतली.

"अजून."

"आता दिसतंय मला सगळं, अप्पा."

"तुला दिसतंय गं. उजवीकडे आणखी तीन मावायला हव्यात," अप्पा म्हणाले, आणि त्यांच्या मागे तळघराच्या फरशीवरून चाकांच्या खुर्च्या घरंगळल्याचा आवाज आला.