शेवटचा पिळा

आमच्या गॅरेजात एक नियम आहे. चाक कुणीही बसवो, शेवटचा पिळा माझा. टॉर्क पान्यानं प्रत्येक नट मी स्वतः आवळतो, त्याशिवाय गाडी दाराबाहेर पडत नाही. पोरगी हे लहानपणापासून बघत आलीय.

तीच पोरगी महिन्यापूर्वी म्हणाली, "बाबा, मी ऑटोक्रॉसमध्ये नाव दिलंय." म्हणजे आठवडाभर प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासायचं आणि रविवारी मोकळ्या मैदानावर रबरी शंकूंमधून, घड्याळ लावून, एकेकट्यानं गाडी पळवायची. कशासाठी, तर मजेसाठी. मी म्हणालो, "मजा करायचीय तर झोप काढ." तिची आई म्हणाली, "तुमच्यावरच गेलीय. आता भोगा." शेवटी आयोजकांनी गाड्या तपासायला मलाच बोलावलं आणि मी मुकाट्यानं गेलो. म्हटलं, निदान डोळ्यांसमोर तरी राहील.

सकाळी बावीस गाड्या तपासल्या. ब्रेक, बॅटरी, चाकांचे नट, सगळं हात लावून. एकाच्या सीटखाली पाण्याची बाटली निघाली, त्याला चांगलंच फैलावर घेतलं. ती घरंगळून पेडलखाली गेली तर ब्रेक काय तुझा काका दाबणार?

तेविसावी आमची. पोरगी गाडी रांगेत लावून, रस्ता पाठ करायला शंकूंमधून पायी फिरत होती. आदल्या संध्याकाळी मीच चाकं बसवून नट आवळले होते आणि आवळलेल्या प्रत्येक नटाशेजारी खडूनं पिवळी रेघ मारली होती. गुडघा ठणकत होता, मागे रांग खोळंबली होती. मी वाकलो नाही. घरच्या गाडीला काय तपासायचं? काचेवर 'तपासली' असं हिरवं स्टिकर चिकटवलं आणि पुढे झालो.

अकराच्या सुमाराला पाणी प्यायला आमच्या ताडपत्रीखाली गेलो. तिथे चार चाकं एकावर एक रचून ठेवलेली. वरच्या चाकावर, नटांच्या भोकांशेजारी, माझ्या खडूच्या पिवळ्या रेघा.

शेजारच्या गाडीचा मालक, पेशानं दातांचा डॉक्टर, कौतुकानं म्हणाला, "सकाळी तिनं एकटीनं चाकं बदलली, काका. शर्यतीचे टायर घातले. नट नुसते हातानं फिरवून ठेवलेत म्हणाली, शेवटचा पिळा बाबांचा असतो."

तिनं परत येऊन स्टिकर पाहिलं असणार आणि निश्चिंत झाली असणार.

मी धावत सुटलो. सुरुवातीच्या रेषेवर फक्त शिट्टीवाला उभा होता. ती निघाली होती.

"थांबव तिला. नट सैल आहेत."

"स्टिकर आहे की गाडीवर."

"मीच लावलंय ते."

तो वॉकीटॉकीवर ओरडू लागला. लांब पलीकडे लाल झेंडेवाला, झेंडा काखेत धरून, पडलेला शंकू उभा करत होता.

गाडी माझ्या दिशेनं वळली. पुढच्या डाव्या चाकातून खट् खट् आवाज येत होता. मला तो स्पष्ट ऐकू येत होता, हेल्मेटच्या आत तिला येत नसणार. आता फक्त लांब सरळ पट्टा आणि त्याच्या टोकाचं मोठं वळण उरलं होतं. मी मैदानात शिरलो आणि जीव खाऊन दोन्ही हात हलवले.

तिनं मला पाहिलं. बाबा शेवटी खूश झाले, असं तिला वाटलं. तिनं स्टिअरिंगवरचा एक हात उचलून मला दाखवला आणि वेग वाढवला.