घरगुती कारण

शर्टाची तीन बटणं लावून झाली की तो थांबायचा, दम खायचा, मग उरलेली लावायचा. वय अवघं एकेचाळीस. बायको शेजारी उभी राहायची, पण हात लावायची नाही. मदत केली की त्याचा पारा चढायचा. आज मात्र सुनावणीला उशीर होत होता. तिने गुपचूप खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधल्या आणि त्यानेही गुपचूप बांधून घेतल्या.

सोळा वर्षं त्याने रसायनं वाहणाऱ्या बोटींवर टाक्या धुतल्या. माल उतरला की शिडीने रिकाम्या टाकीत उतरायचं आणि तळाचा गाळ पुसून काढायचा. मास्कची गाळणी वेळेवर बदलून मिळेलच असं नाही. छातीचं दुखणं तिथलंच, याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. कंपनीने ते मान्य केलं तरच कायमच्या अपंगत्वाची भरपाई मिळणार होती आणि उपचार चालू राहणार होते.

दाव्याच्या कचेरीतल्या अधिकारी बाई सभ्य होत्या. त्यांनी आधी पाणी दिलं आणि मग बोटीवरून उतरतानाचा अर्ज पुढे सरकवला. मुदतीआधी उतरण्याचे कारण : घरगुती. खाली त्याची सही. आजाराचा कुठे उल्लेखच नाही, मग घरी नेमकं झालं तरी काय होतं, असं त्यांनी विचारलं.

खलाशांच्या घरातली ही रीतच आहे. आजारी म्हणून उतरलेल्याला पुन्हा कुणी बोटीवर घेत नाही. म्हणून मग कागदोपत्री कुणाची आई अत्यवस्थ होते, कुणाची बायको बाळंत होते. एकाची आई अशी चारदा अत्यवस्थ झाली, आणि म्हातारी अजून ठणठणीत आहे. लोक हे हसत हसत सांगतात. कंपनीलाही सगळं ठाऊक असतं आणि तिला ते सोयीचंच असतं. या रीतीची चीड यायला हवी, ती कुणालाच येत नाही.

बोटीवरून नवऱ्याचा फोन आला होता तेव्हा खोकल्याने त्याला धड बोलवत नव्हतं. काय लिहू, एवढंच त्याने विचारलं होतं. तिचा धाकटा भाऊही खलाशीच. घरगुती कारण लिहा, हा त्याचा सल्ला तिने नवऱ्याला जसाच्या तसा कळवला.

"मॅडम," ती उठून म्हणाली, "ते घरगुती कारण म्हणजे मी. मीच लिहायला सांगितलं. हे खोकत होते आणि मला यांच्या पुढच्या बोटीची काळजी पडली होती."

बाईंनी ते लिहून घेतलं. जिन्यात तो तिसऱ्या पायरीवर बसला. उगाच बोललीस, म्हणाला. कागदावरचं खोटं उघड केलंस, आता तुझ्या भावालाही कुणी घेणार नाही. एवढं सगळं होऊनही हा माणूस तीच रीत सांभाळत होता. ती त्याच्याशेजारी बसून पोटभर रडली.

महिन्याने दावा फेटाळल्याचं पत्र आलं. त्याच आठवड्यात भाऊ बोटीवर निघाला, तेव्हा तिने त्याला दारातच थांबवलं.

"दुखलं-खुपलं तर तेच लिही. घराचं नाव घालू नकोस."

"मग पुन्हा घेणार नाहीत, ताई."

"नाही घेतलं तर नाही."

तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात आतल्या खोलीत नवऱ्याला उबळ आली. एरवी ती धावली असती.

"ऐक," ती भावाला म्हणाली.

उबळ थांबायला बराच वेळ लागला. तोवर भाऊ बॅग हातात धरून उंबऱ्यातच उभा होता.