एक टोला, दोन टोले

आमचे हे बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले आणि पुढचे चार महिने त्यांनी मला चालवलं. गॅस इतका मोठा का, ओले कपडे या दोरीवर का, दाराची कडी कोणी लावली नाही. पाचव्या महिन्यात मी हात टेकले आणि त्यांना केंद्रावर घेऊन गेले.

केंद्र म्हणजे आमच्या चौकातल्या जुन्या वाचनालयाचा तळमजला. गावात नव्याने आलेली माणसं तिथे येतात. कोणी लढाईतून सुटून आलेलं असतं, कोणी नुसतं पोटासाठी. आम्ही पंधरा-वीस बिनपगारी माणसं त्यांचे फॉर्म भरून देतो, भाड्याची खोली बघायला सोबत जातो, मुलांना शाळेत घालून देतो. मी चहा करते. आम्हालाही इथे येऊन अडतीस वर्षं झाली. तेव्हा असलं केंद्रबिंद्र काही नव्हतं, त्यामुळे कप भरताना मला कधीकधी या नव्या लोकांचा हेवा वाटतो. हे मी कोणाला सांगत नाही.

केंद्राच्या मॅडमनी ह्यांना गाडी शिकवायचं काम दिलं. कोणीतरी दान दिलेली एक जुनी गाडी मागच्या अंगणात पडून होती. ह्यांनी दोन दिवस तिच्याखाली घालवले, तिसऱ्या दिवशी ती धुतली आणि चौथ्या दिवशी पहिला विद्यार्थी मागितला. मिळाली ती सिस्टर.

सिस्टर म्हणजे खरोखरीची नर्स, चाळिशीची. स्वतःच्या देशात अठरा वर्षं वॉर्ड सांभाळलेली. इथे एका हॉस्पिटलच्या भटारखान्यात ताटं धुवत होती. दोन वर्षं ताटं धुता धुता तिने इथल्या नर्सिंगच्या परीक्षा दिल्या, पास झाली, आणि आता तिला घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमा बांधायचं काम मिळत होतं. अडचण एकच. घरं लांब लांब, म्हणून गाडीचं लायसन्स हवं, आणि तेही चौथ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत. नाही मिळालं तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. सिस्टरने ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवलं होतं. कोणी काही विचारलं की आधी ते पत्र काढायची.

इथली भाषा तिला कागदावर चांगली यायची. जिभेवर मात्र अजून नीट बसली नव्हती, आणि कोणी भराभर बोललं की ती गडबडायची. ह्यांना ती अडचण वाटलीच नाही. त्यांचं मत असं, की गाडी चालवणाऱ्याशी बोलूच नये. बत्तीस वर्षं ते कंडक्टरच्या घंटीवर चालले होते. एक टोला, थांब. दोन टोले, चल. त्यात कोणाचा गैरसमज होत नाही, कोणाची आई-बहीण निघत नाही. तेच त्यांनी सिस्टरला लावून दिलं. बोटातल्या अंगठीने डॅशबोर्डवर एकदा ठोकलं की थांबायचं, दोनदा ठोकलं की निघायचं, लागोपाठ ठोकत राहिले की गाडी मागे घ्यायची. कुठे वळायचं ते हाताने दाखवायचं.

तीन महिने रोज सकाळी दीड तास ही दोघं गावभर हिंडली आणि एकमेकांशी दहा शब्दही बोलली नसतील. सिस्टर झकास शिकली. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची ती अशी, की डॅशबोर्डवर ठेवलेला किल्ल्यांचा जुडगा हलायचा नाही. हे घरी येऊन मला सांगायचे, "हात स्थिर आहे तिचा. बस दिली तर बसही नेईल." अडतीस वर्षांत माझ्या कुठल्याही गोष्टीला एवढी दाद मिळाली नव्हती. एकदा त्यांनी तिला घरी चहाला आणलं, तेव्हाही दोघं समोरासमोर मुकाट बसली होती आणि मजेत होती.

आठ तारखेला परीक्षा झाली. सिस्टर नापास.

शेऱ्यात लिहिलं होतं: भर रस्त्यात विनाकारण गाडी थांबवली, चार वेळा. लोक रस्ता ओलांडत असताना गाडी पुढे काढली, एकदा. त्यानंतर गाडी परीक्षकाने स्वतः चालवत परत आणली होती.

"घाबरली असेल," हे म्हणाले. "परीक्षा म्हटलं की होतं असं."

सिस्टर मान हलवत राहिली. तिच्या मुलखातला एक बेकरीवाला केंद्रावर दुभाष्याचं काम करतो, त्याला मॅडमनी बोलावून घेतलं. हातावरचं पीठ पुसत तो आला आणि ऐकून घेऊन म्हणाला, "ती म्हणते, मी घाबरले नाही. त्यांनी थांब म्हटलं, म्हणून थांबले. चल म्हटलं, म्हणून निघाले."

"परीक्षक असं म्हणेल कशाला?" मॅडम म्हणाल्या.

"तोंडाने नाही म्हणाला. असं म्हणाला," बेकरीवाल्याने तिचं सांगितलं.

सिस्टरने माझ्यासमोरचा चमचा उचलला आणि टेबलावर एकदा वाजवला.

परीक्षकाच्या हातात कागद अडकवायची फळी होती, आणि विचार करताना फळीवर पेन आपटायची त्याला सवय होती. बास, एवढंच. बिचाऱ्याला पत्ताही नाही की तोच गाडी चालवत होता. बेकरीवाल्याला हसू आलं, त्याने ते खोकल्यात घातलं. मग सगळ्यांनी ह्यांच्या हाताकडे बघितलं. ह्यांनी अंगठीचा हात टेबलाखाली घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कोणाचीही चूक न काढता गप्प बसलेलं बघितलं.

पुढची तारीख सत्तावीस मिळाली. त्यानंतर पत्रातल्या मुदतीपर्यंत, म्हणजे महिन्याअखेरीपर्यंत, दुसरी तारीख नव्हती.

ह्यांनी ठरवलं, आता तोंडाने शिकवायचं. अंगठी काढून मला दिली. पण सवय काय अंगठीत होती? वळण आलं की तोंडातून शब्द निघायच्या आत बोटाचं पेर डॅशबोर्डवर आपटलेलं असायचं. आणि सिस्टरची तर त्याहून वाईट गत. काचेवर झाडावरून वाळलेलं फळ पडून टक झालं, तरी तिचा पाय ब्रेकवर. पहिले दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी ती दोघं लवकर परत आली. सिस्टर सरळ माझ्या काउंटरपाशी आली, कप घेतला नाही, आणि ह्यांच्याकडे वळून इथल्या भाषेत म्हणाली, "काका, तुम्ही नको."

मला राग आला. तीन महिने माणूस ऊन म्हणत नाही, थंडी म्हणत नाही, आणि तुम्ही नको? पण तिचे डोळे भरले होते आणि ती जागची हलली नाही. शब्द शोधून शोधून म्हणाली, "तुम्ही बाजूला बसलात की माझा पाय तुमचं ऐकतो. माझं नाही ऐकत."

हे म्हणाले, "बरोबर आहे." किल्ली काउंटरवर ठेवून विचारलं, "मग कोण?"

सकाळी मोकळं आणि लायसन्सवालं माणूस केंद्रात एकच होतं. रेडिओ. ही आमची भाषेची मास्तरीण. रेडिओ हे नाव ह्यांनीच ठेवलेलं, कारण बाईच्या तोंडाला विश्रांती म्हणून नाही. तिच्या गाडीला चारी बाजूंनी पोचे आणि प्रत्येक पोच्याची तिच्याकडे वेगळी गोष्ट. ही समोरून गाडी घेऊन आली की हे फुटपाथ सोडून दुकानात शिरायचे. केंद्रावर येऊ लागल्यापासून तिच्याशी सरळ बोलले नव्हते. त्या दिवशी ते तिच्या वर्गात गेले, शेवटच्या बाकावर बसून राहिले आणि वर्ग सुटल्यावर म्हणाले, "सिस्टरला तुम्ही शिकवा."

"मी? अहो, मला कुठे येते तुमच्यासारखी गाडी!"

"नाही येत," हे म्हणाले. "गाडी तिला येते. तुम्ही फक्त शेजारी बसून बोलत राहा. आणि मध्येच डॅशबोर्डवर ठोका, कसंही, कितीही. थांबली तर रागवा."

ही युक्ती त्यांचीच. ठोकण्याचा अर्थ मोडायचा तर ठोकूनच मोडायला हवा, पण तो स्वतःच्या हाताने मोडणं त्यांना जमेना. रेडिओला मात्र हे काम मनापासून आवडलं. तिने ठोकलं, बडवलं, गाणी म्हटली, आपल्या तिन्ही नणंदांच्या कहाण्या सांगितल्या आणि त्यातच "पुढच्या चौकात वळ गं" मिसळून दिलं. पहिले चार दिवस सिस्टर डोकं धरून परतायची. दुसऱ्या आठवड्यात ती रेडिओला म्हणाली, "नणंदेचं नंतर. आता वळू का सरळ?" हे ऐकून मॅडमनी टाळ्या वाजवल्या. हे मागच्या अंगणात खुर्च्या मोजत होते.

सत्तावीसला सकाळी सातला ह्यांनी शर्टाला इस्त्री केली. घातला. मग आपल्याला कुठे जायचं नाही हे त्यांना आठवलं, तरी काढला नाही. तसेच खुर्चीवर बसून राहिले. मी दोनदा चहा दिला, दोन्ही कप गार झाले. पावणेबाराला फोन वाजला. रेडिओ इतक्या जोराने ओरडत होती की मला स्वयंपाकघरात कळलं, सिस्टर पास. हे म्हणाले, "बरं." फोन ठेवला, न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडून बसले. मला आनंद झाला, नाही असं नाही. पण आधी वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. बाहेर आल्यावर त्यांनी शर्ट बदलला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर केंद्रावर येऊन सगळ्यांना भेटली. ह्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. पण सोमवारी रुजू व्हायचं होतं, गणवेश ढगळ होत होता, तो शिंप्याकडून आणायचा होता, म्हणून पाच मिनिटांत निघाली. त्यानंतर फिरकली नाही. काम लागलं की कोणीच फिरकत नाही. मॅडम म्हणतात, त्यांनी फिरकू नये यासाठीच तर केंद्र आहे. सभेत ऐकायला छान वाटतं.

मॅडमनी ह्यांना नवा विद्यार्थी देऊ केला. हे म्हणाले, मी खुर्च्या लावीन. तेव्हापासून ते खुर्च्या लावतात आणि केंद्रातल्या खुर्च्यांची रांग सुतासारखी सरळ असते.

दोन महिने गेले. आमच्या खालच्या मजल्यावर एक घड्याळजी राहतो, एकटाच. त्याच्या पायाला जखम झाली आणि ती चिघळली. एका मंगळवारी दहा-सव्वादहाला खाली पांढरी गाडी लागली आणि तिच्यातून बॅग घेऊन सिस्टर उतरली.

मंगळवार आणि शुक्रवार, असं तिचं ठरलं. त्या दोन दिवशी दहा वाजले की हे खिडकीत. मी भाजी निवडत असायची आणि कानावर पडायचं, "आरसा बघितला. गती कमी केली. आता घेईल. घेतली. एका दमात." सिस्टर उतरायची, दार बंद करायची, बॅग घ्यायची आणि आत शिरायची. वर एकदाही बघायची नाही. आमचं घर तिला ठाऊक होतं, माझ्या हातचा चहा प्यायली होती.

"एक जिना चढून यायला काय झालं?" मी एकदा म्हटलंच. "निदान मान तरी वर करावी."

"तिला एका घरी वीस मिनिटं असतात," हे म्हणाले. "घड्याळजीचीच सतरा होतात. उरलेल्या तीन मिनिटांत ती गाडीत बसून वही लिहिते. मान वर कधी करणार?"

हे घड्याळजीची रोज चौकशी करू लागले. त्याच्यासाठी दूध आणू लागले. सहा वर्षांत ज्याला जिन्यात नुसती मान डोलावली, त्याच्या पायाची ह्यांना एकाएकी एवढी काळजी, तो बिचारा भारावून गेला. एका सकाळी तो स्वतःच्या पायांनी जिना चढून वर आला. म्हणाला, "आनंदाची बातमी! जखम भरली. शुक्रवारी सिस्टर शेवटची येणार."

ह्यांनी त्याचं अभिनंदन केलं. पण चेहरा असा पडला, की घड्याळजीने जाताना मला हळूच विचारलं, घरात कोणी आजारी आहे का.

शुक्रवारी दहाला हे खिडकीत नव्हते. चपला घालून खाली गेले होते. मी खिडकीत उभी राहिले. पांढरी गाडी आली, लागली, सिस्टर घाईने आत गेली. हे गाडीच्या मागे, फुटपाथखाली रस्त्यावर उभे राहिले. सतरा मिनिटांनी ती बाहेर आली. तिने ह्यांना बघितलं, खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलली आणि गाडीत बसली. वही लिहिली नाही. गाडी मागे आली, वळली आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. एवढंच. मला खिडकीतून काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

हे जिना चढून वर आले. निवृत्तीच्या दिवशी नव्हता, एवढा आनंद तोंडावर.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, काका, आज खूप उशीर झालाय. बाजूला व्हा, मला गाडी मागे घ्यायची आहे. धडाधड बोलली, इथल्या भाषेत, एका श्वासात."

"आणि तुम्ही?"

"झालो की बाजूला," हे म्हणाले.